गंजगोलाईजवळचं नेट कॅफे, चोवीस वर्षांनी

पोरीचा प्रवेशाचा फॉर्म भरायला परवा लातूरला गंजगोलाईजवळच्या त्याच नेट कॅफेत गेलो, जिथं २००१ साली मी पहिल्यांदा माऊस धरला.

विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं. आमच्यापर्यंत यायला त्याला सहा वर्षं लागली. चपला बाहेर काढायच्या, आत प्लायवूडचे कप्पे, कप्प्याला पडदा, तासाला तीस रुपये. मॉडेम आधी किरकिरायचा. मग फोटो पट्टीपट्टीनं खाली उतरायचा, कपाळ दिसलं की डोळे यायला दोन मिनिटं. वर मालकाच्या घरात कुणी रिसीव्हर उचलला की लाइन गेलीच! मालकानंच हॉटमेलचं खातं काढून दिलं आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवला. पेटी अवघी २ एमबीची. मित्रानं लग्नाचे फोटो पाठवले की भरली.

कप्पे आता नाहीत. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि तासावर बसणारं गिऱ्हाईक गेलं. आता दोन प्रिंटर, लॅमिनेशन, अंगठ्याचं मशीन. मालकाचा पोरगा खुर्चीवर, आपण बाकावर. आपलं काम एकच, ओटीपी सांगायचा.

पोरगं मात्र हुशार. पोरीनं घरी मोबाइलवर तीनदा केलं, फोटो काही चढेना. ह्यानं तो कापला, ५० केबीच्या आत आणला, सही कोऱ्या कागदावर घेऊन टिपली. सगळं मिळून दीड मिनिट. पैसे भरताना साइट अडकली. खात्यातून कटले, पावती नाही. मला घाम फुटला.

"काका, बॅक दाबू नका," म्हणाला आणि व्यवहाराचा नंबर लिहून घेतला. बाकावर बसल्या बसल्या पोरगी सांगायली, की २९ ऑक्टोबर १९६९ ला कॅलिफोर्नियात एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर 'लॉगिन' पाठवायला गेले, तर एल आणि ओ एवढीच अक्षरं पोचली आणि तिकडचं यंत्र बसलं.

"म्हणजे सर्व्हर तवापासूनच डाऊन हाय," पोरगा म्हणाला.

पावती संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आली. चार स्टार. एक कापला, कारण पानाला पाच रुपये जास्त आहेत आणि ती वही अजून चालूच आहे. पोरीचा पासवर्डही त्यातच, गावाचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन.

मुरुड यायच्या आत तिनं तो बसमध्येच बदलला. नवा मलाही सांगितला नाही.