रस्त्याकडेच्या उताराला भिंत, गॅबियन की वाळा?

भांडुप, विक्रोळी, घाटकोपरच्या टेकडीवर सोसायटी असेल तर मे महिन्यातल्या मीटिंगचा हा विषय ओळखीचा असेल. रस्त्याकडेची माती सुटते, पहिल्याच पावसात चेंबर गाळाने भरतं आणि मग कुणीतरी म्हणतं, "भिंत बांधून टाकू." त्याआधी एक गोष्ट बघा: पाणी वरून कुठून येतं? वरच्या अंगाला चर खणून ते बाजूला वळवलं नाही, तर पुढचे तिन्ही पर्याय अपुरे पडतील.

काँक्रीटची संरक्षक भिंत महाग, पण बांधली की तिचं काम लगेच सुरू. उभी कापलेली दरड आणि खाली घरं असतील तर पर्याय नाही. तिथे वाळ्यासारख्या गवतावर भिस्त ठेवणं धोक्याचं आहे. भिंतीचा शत्रू म्हणजे तिच्यामागे साचणारं पाणी. मागे ३ मीटर पाणी तुंबलं तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे ३ टन दाब येतो, मातीचा दाब वेगळाच. म्हणून पाणी निघायची भोकं आणि त्यांच्यामागे खडीचा थर हवाच. आमच्याकडे पूर्वी बांधलेल्या भिंतीची भोकं रंगकामात बुजवली गेली होती. दोन पावसाळ्यांत तिला पोट आलं. जुलै २०१९ मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून कितीतरी माणसं गेली, तेव्हापासून कोणतीही भिंत दिसली की मी आधी तिची भोकं शोधतो.

गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीत रचलेले दगड. पाणी आरपार जातं, जमीन थोडी बसली तरी तडा जात नाही. जागा मात्र बरीच खातं. उताराच्या पायथ्याशी मीटरभर उंचीला मला ते भिंतीपेक्षा बरं वाटतं.

वाळा म्हणजे खस, सुगंधी मुळांचं गवत. त्याचं मात्र नीट समजून घ्या. याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात. चांगल्या मातीत वर्षभरात २ ते ३ मीटर. समपातळीत दाट लावलेली रांग पाण्याला वाट देते आणि गाळ मागे अडवते, म्हणजे चेंबरमध्ये येणारी माती वरच थांबते. रोपं १० ते १५ सेंटिमीटरवर आणि उतारावर दर मीटरभर उंचीला एक रांग. बी न धरणारा दक्षिणेकडचा वाळाच मागा, तो रानोमाळ पसरत नाही. रांगांच्या मधल्या जागेत काथ्याची जाळी अंथरा. ती दोन-तीन वर्षांत कुजते, तोवर मुळांनी जम धरलेला असतो. रस्त्याकडेच्या उतारांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ५६ ही मार्गदर्शिकाच आहे. कंत्राटदाराला तिच्याप्रमाणे काम मागा.

वाळ्याच्या मर्यादाही खऱ्या आहेत. पहिला पावसाळा तो कच्चाच असतो. दाट सावलीत मरतो, त्यामुळे गुलमोहराखाली लावू नका. खोलवरून सरकणारी दरड त्याला अडवता येत नाही.

साधारण ४५ अंशांपर्यंतचा, मातीचा, ऊन असलेला उतार असेल तर मी वरती वाळा आणि पायथ्याशी गॅबियन घेईन. त्याहून उभा असेल, किंवा वरच्या जमिनीला भेगा दिसत असतील, तर आधी भू-तंत्रज्ञाला बोलवा आणि तोवर ताडपत्रीने भेगा झाका. वाळ्याची रोपं मेमध्येच सांगून ठेवा, म्हणजे जूनचा पाऊस लागला की लगेच लावता येतील.