जुन्या संगणकातील गहाळ सिस्टिम फाइली: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

विंडोजमध्ये मुळातच दिलेली दुरुस्तीची साधने, म्हणजे सिस्टिम फाइली तपासणारे सिस्टिम फाइल चेकर (एसएफसी), ते ज्या साठ्यातून चांगल्या प्रती घेते तो साठा सुधारणारे डिझम, डिस्क तपासणारे चेकडिस्क आणि आहे त्याच प्रणालीवर पुन्हा इन्स्टॉलेशन करण्याची सोय, मी गेले आठ महिने घरातल्या एका जुन्या संगणकावर वापरत आहे. संगणक २०१३ साली घेतलेला, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असलेला. आला तेव्हा त्यावर विंडोज ७ होते आणि पुढे त्यावरच विंडोज १० चढवले गेले. या साधनांविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक वेळा एकदा कमांड चालवून लगेच लिहिलेले असते. दुरुस्ती टिकली की नाही, हे मात्र काही महिने गेल्याशिवाय कळत नाही, म्हणून हा अनुभव मी मुद्दाम उशिरा लिहीत आहे.

सुरुवात एका साध्या संदेशाने झाली. छायाचित्रे हाताळण्याचा प्रोग्राम उघडताना ‘एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल’ ही फाइल (डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती सामाईक कोडची फाइल) संगणकात सापडत नाही, प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल करून पाहा, असे सांगणारी चौकट आली. मी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे टाइप करून आज्ञा देण्याची खिडकी, उघडला आणि ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ ही कमांड दिली. बऱ्याच वेळाने, प्रणालीच्या फाइलींमध्ये कोणताही दोष आढळला नाही, असे उत्तर आले आणि प्रोग्राम उघडल्यावर तीच चौकट पुन्हा समोर उभी राहिली. साधन निकामी आहे असा समज बहुतेक जण इथेच करून घेतात, पण तो बरोबर नाही. ही फाइल विंडोजची स्वतःची नाहीच. ती व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल नावाच्या पूरक संचाबरोबर येते आणि एसएफसी फक्त विंडोजच्या संरक्षित फाइली तपासते. २०१५ पासूनच्या व्हिज्युअल सी++ आवृत्त्यांसाठी हा संच एकच आहे. तो मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत पानावरून घ्यावा आणि संगणक ६४ बिटचा असला तरी ३२ बिटचा व ६४ बिटचा असे दोन्ही संच बसवावेत, कारण जुने प्रोग्राम बरेचदा ३२ बिटचे असतात. माझी पहिली अडचण एवढ्यानेच सुटली.

हरवलेली डीएलएल फाइल सुटी उतरवून देणारी ठिकाणे शोधताना सर्वांत आधी दिसतात, आणि त्यांच्यापासून दूर राहावे असे मी आग्रहाने सांगेन. फाइल कोणी, कुठून आणि कोणत्या आवृत्तीतून काढली, हे तिथे कळायला मार्ग नसतो. शिवाय ती नेमकी कुठे ठेवायची यातही चकवा आहे. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ‘सिस्टिम३२’ या फोल्डरात ६४ बिटच्या फाइली असतात आणि ३२ बिटच्या फाइली ‘सिसवॉव६४’ या फोल्डरात असतात. नावे वाचून कोणालाही याच्या उलटच वाटेल. चुकीची फाइल चुकीच्या जागी पडली की ‘०एक्ससी०००००७बी’ हा कोड येतो, आणि गहाळ फाइलीच्या जागी न चालणारी फाइल हातात पडते. हजारो दोष दाखवून ते दूर करण्यासाठी पैसे मागणारे ‘डीएलएल दुरुस्त करणारे’ प्रोग्रामही मी याच वर्गात मोजते. त्यांपैकी एक मी दुसऱ्या एका संगणकावर पाहिला होता. त्याने दाखवलेल्या यादीत मूळ तक्रारीशी संबंधित एकही ओळ नव्हती.

तीन आठवड्यांनी अडचण पुन्हा आली आणि या वेळी ती खरोखर विंडोजच्या आतली होती. कंट्रोल पॅनेलमधील काही पाने उघडेनात, प्रिंटरची खिडकी उघडताच बंद होऊ लागली आणि एसएफसीने या वेळी सांगितले की दोष सापडले आहेत, पण त्यांपैकी काही दुरुस्त करता आले नाहीत. हा संदेश फारच त्रोटक असतो. कोणत्या फाइली, हे कळण्यासाठी ‘विंडोज’ फोल्डरातील ‘लॉग्ज’ आणि त्यातील ‘सीबीएस’ या फोल्डरात असलेली ‘सीबीएस.लॉग’ ही नोंदींची फाइल (लॉग) उघडावी लागते. नोटपॅडमध्ये ती उघडली तर हजारो ओळी अंगावर येतात, पण चौकटी कंसातील ‘एसआर’ ही अक्षरे शोधत गेले की फक्त एसएफसीच्या ओळी हाती लागतात. माझ्या लॉगमध्ये ‘कॅनॉट रिपेअर मेंबर फाइल’ अशा सात ओळी होत्या आणि प्रत्येकीत फाइलीचे नाव स्पष्ट लिहिलेले होते. ती सात नावे मी वहीत उतरवून ठेवली, आणि पुढे त्याच नोंदीचा मला सर्वाधिक उपयोग झाला.

एसएफसी दुरुस्ती का करू शकत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. व्हिस्टापासून पुढच्या प्रत्येक विंडोजमध्ये ‘विनएसएक्सएस’ नावाचा फोल्डर असतो. प्रणालीच्या घटकांचे ते कोठार होय. एखादी फाइल बिघडली की एसएफसी या कोठारातून चांगली प्रत काढते, असे आपण वाचतो आणि डोळ्यांसमोर दोन वेगळ्या प्रती येतात. प्रत्यक्षात ‘सिस्टिम३२’ मधील बहुतेक फाइली आणि कोठारातील त्यांच्या जोडीदार फाइली या डिस्कवर एकाच जागी असलेल्या मजकुराची दोन नावे असतात. याला हार्ड लिंक म्हणतात. एका घराला दोन दरवाजे असावेत तसा हा प्रकार आहे. ‘सिस्टिम३२’ मधील नाव पुसले गेले तर कोठारातील नावावरून फाइल परत मिळते. पण डिस्कवरची ती जागाच खराब झाली, तर दोन्ही नावांनी तोच बिघडलेला मजकूर मिळतो आणि एसएफसीपाशी देण्यासारखे काही उरत नाही.

म्हणून एसएफसीच्या आधी डिझम चालवून कोठार सुधारावे लागते. हे साधन विंडोज ८ पासून कोठाराच्या दुरुस्तीसाठी वापरता येते. विंडोज ७ वर त्या कामासाठी ‘सिस्टिम अपडेट रेडिनेस टूल’ वेगळे उतरवून घ्यावे लागत असे. ‘डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’ ही कमांड विंडोज अपडेटकडून चांगल्या फाइली मागवते. माझ्याकडे आकडा ६२.३ टक्क्यांवर येऊन बराच वेळ थांबला. इतका वेळ थांबला की पहिल्यांदा मी खिडकी बंद करणारच होते. ती बंद करू नये. संथ डिस्कवर आकडा हलत नसला तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर काम चालू आहे असे समजून वाट पाहावी. शेवटी ‘०एक्स८००एफ०८१एफ’ हा कोड आला, म्हणजे लागणाऱ्या मूळ फाइली डिझमला सापडल्या नाहीत. तेव्हा मीडिया क्रिएशन टूल वापरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज १० चे इन्स्टॉलेशन तयार केले आणि त्यातील ‘सोर्सेस’ फोल्डरातील इमेज फाइल हाच स्रोत म्हणून कमांडमध्ये दिली. येथे पेनड्राइव्हवरील विंडोजची आवृत्ती, भाषा आणि प्रकार संगणकावरील विंडोजशी जुळणे आवश्यक असते. ते जुळले आणि डिझम पूर्ण झाले. त्यानंतर एसएफसीने सातही फाइली दुरुस्त केल्याचे सांगितले. प्रिंटरची खिडकी उघडली आणि मला वाटले की विषय संपला.

सहा आठवडे सारे सुरळीत चालले. मग एका सकाळी संगणक सुरू होण्यास नेहमीच्या दुप्पट वेळ लागला आणि एसएफसीच्या लॉगमध्ये पुन्हा पाच ओळी आल्या. वहीतली जुनी यादी शेजारी ठेवली, तेव्हा एकही नाव जुळत नव्हते. त्याच फाइली पुन्हा बिघडल्या असत्या तर एखाद्या प्रोग्रामवर किंवा अपडेटवर संशय घेता आला असता. दर वेळी वेगळ्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या फाइली बिघडतात, याचा अर्थ दोष फाइलींच्या खालच्या थरात आहे. खरे तर ही तपासणी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

डिस्कची प्रकृती दाखवणारा ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्राम उघडल्यावर पिवळ्या रंगात सावधगिरीचा इशारा दिसला. त्यातील दोन ओळींकडे पाहावे. सेक्टर म्हणजे डिस्कवरील साठवणीचा सर्वांत लहान तुकडा. ‘रिॲलोकेटेड सेक्टर्स काउंट’ म्हणजे डिस्कने खराब ठरवून राखीव जागेत हलवलेले सेक्टर, आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ म्हणजे वाचताना अडखळणारे, पण अजून निकालात न काढलेले सेक्टर. हा प्रोग्राम मूळ आकडे सोळा पाया असलेल्या (हेक्साडेसिमल) पद्धतीने दाखवतो, त्यामुळे दुसऱ्या ओळीत दिसलेला ‘२ए’ हा आकडा म्हणजे प्रत्यक्षात ४२ होता. केबलमधील दोष दाखवणारा ‘सीआरसी’ त्रुटींचा आकडा शून्य होता, म्हणून केबल बदलून भागणार नव्हते. रॅमवरही संशय होता, कारण सदोष रॅममुळे चांगला मजकूर डिस्कवर लिहिला जातानाच बिघडू शकतो. ‘मेमटेस्ट८६+’ रात्रभर चालवले, एकही त्रुटी निघाली नाही.

यापुढची कामे कोणत्या क्रमाने केली, ते सविस्तर सांगते. आधी सगळी छायाचित्रे आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवली, आणि ते पूर्ण होईपर्यंत दुरुस्तीच्या कोणत्याही साधनाला हात लावला नाही. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर चेकडिस्कसारखे साधन संपूर्ण पृष्ठभाग वाचायला लावते आणि तो ताण तिला सोसेलच असे नाही. त्यानंतर ‘चेकडिस्क सी: /आर’ ही कमांड दिली. ‘सी’ ड्राइव्ह वापरात असल्यामुळे ही तपासणी रीस्टार्टनंतर होते, आणि माझ्याकडे तिला पाच तासांहून अधिक वेळ लागला. खराब जागा सापडली की चेकडिस्क ती वापरातून काढून टाकते, पण त्या जागेतला मजकूर परत आणू शकतेच असे नाही. म्हणजे फाइलीचे नाव तेच, आकारही तोच, आणि मध्ये ४ केबीचा एक तुकडा निकामी, अशी अवस्था शक्य असते. तपासणीनंतर ‘सी’ ड्राइव्हवर ‘फाउंड.०००’ नावाचा लपवलेला फोल्डर तयार झाला होता. ज्या तुकड्यांचा मूळ पत्ता लागला नाही, ते तिथे ‘.सीएचके’ या शेपटीसह ठेवलेले होते. आपल्याला ‘गहाळ’ म्हणून सांगितलेल्या फाइलींचे अवशेष असे दिसतात.

मग ५०० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवली आणि जुन्या डिस्कची क्लोन प्रत तिच्यावर केली. क्लोन केल्याने नव्या डिस्कवर जुने दोषही जसेच्या तसे येतात, हे लक्षात न घेता अनेक जण इथेच थांबतात. मी त्यानंतर त्याच पेनड्राइव्हवरील ‘सेटअप’ विंडोज चालू असतानाच उघडले आणि फाइली व प्रोग्राम जसेच्या तसे ठेवण्याचा पर्याय निवडला. यात विंडोजच्या सर्व सिस्टिम फाइली नव्याने लिहिल्या जातात आणि आपले प्रोग्राम व कागदपत्रे जागच्या जागी राहतात. या आठ महिन्यांत वापरलेल्या सर्व साधनांमध्ये मला सर्वांत समाधान याच सोयीने दिले. एकेका फाइलीमागे धावण्यापेक्षा ती कमी वेळात आणि अधिक खात्रीने काम करते. संगणक मुळीच सुरू होत नसेल तर मात्र ती उपयोगाची नाही. त्या वेळी पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून दुरुस्तीच्या पर्यायांतून विंडोज सुरू होण्याची व्यवस्था दुरुस्त करणारे ‘बूटरेक’ किंवा स्टार्टअप रिपेअर वापरावे लागते. ती वेळ माझ्यावर आली नाही.

संदेशातील फाइलीचे नाव हाच दोष, असे धरून चालू नये, हे मला विंडोज एक्सपीच्या दिवसांपासून ठाऊक होते आणि तरीही या वेळी त्याचा विसर पडला. त्या काळी ‘एचएएल.डीएलएल’ गहाळ असल्याचा संदेश येई, तेव्हा ती फाइल अनेकदा जागेवरच असे आणि बिघाड ‘बूट.आयएनआय’ या, विंडोज कुठून सुरू करायचे हे सांगणाऱ्या फाइलीतील चुकीच्या नोंदीत असे. ‘एनटीएलडीआर (विंडोज सुरू करणारी फाइल) गहाळ आहे’ हा संदेश तर ड्राइव्हमध्ये राहून गेलेल्या फ्लॉपीमुळेही येत असे. अँटिव्हायरसने फाइल विलग करून ठेवल्यानेही ती गहाळ दिसू शकते, म्हणून त्याची नोंद एकदा पाहून घ्यावी. पण ती फाइल का अडवली हे कळेपर्यंत परत आणू नये.

उणिवांबद्दलही लिहिले पाहिजे. एसएफसी आणि डिझम ही साधने चांगली आहेत, पण ज्याने कधी कमांड प्रॉम्प्ट उघडलेला नाही अशा माणसाला त्यांची उत्तरे कळत नाहीत. कोणत्या फाइली दुरुस्त झाल्या नाहीत हे जाणण्यासाठी लॉग उपसायला लागणे, ही घरच्या वापरासाठी मोठी अडचण आहे. डिस्क सेक्टर गमावत असताना एसएफसी त्याविषयी एक शब्दही काढत नाही, हे मला सर्वाधिक खटकले. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे हा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. त्यामुळे बँकेचे व्यवहार आम्ही त्यावरून हलवले आहेत. लेखन, छायाचित्रे आणि छपाई यांसाठी तो रोज चालू असतो.

एसएसडी बसवल्याला आता पाच महिने होत आले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी एसएफसी चालवते आणि निकाल त्याच वहीत लिहिते. जी तपासणी पूर्वी पाऊण तास घेई ती आता आठ-नऊ मिनिटांत संपते, आणि सात व पाच नावांच्या दोन याद्यांखाली पाचही महिन्यांपुढे ‘दोष नाही’ अशी नोंद आहे.