मिनीव्हॅनचा एअर फिल्टर स्वतः बदलून नऊ महिने झाले, त्याचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. मायलेज वाढलं नाही. गाडी वाऱ्यासारखी पळायलाही लागली नाही. तरीही हे काम मी आता गॅरेजला देणार नाही, आणि त्याचं कारण फिल्टरच्या डब्याच्या मागच्या कडेला आहे, जिथे ना हात नीट पोचतो ना नजर.

मिनीव्हॅनचं नाक आखूड असतं. इंजिन आडवं कोंबलेलं आणि त्याचा मागचा भाग वायपरखालच्या प्लॅस्टिकच्या पट्टीच्या आत गेलेला. माझ्या गाडीत फिल्टरचा डबा नेमका त्या कपारीत आहे. झाकणाच्या पुढच्या दोन क्लिपा समोर दिसतात, अंगठ्याने उघडतात. उजवीकडे मागे एक स्क्रू आहे, त्याला १० मिलिमीटरचा सॉकेट (नळीसारखा पाना) लागतो. आणि अगदी मागे झाकणाला तीन जिभा आहेत, त्या खालच्या डब्याच्या खाचांत सरकवाव्या लागतात. झाकण पुढून बसलं, क्लिपा टक् टक् लागल्या की वाटतं काम झालं. जिभा खाचेबाहेर राहिल्या असल्या तरी क्लिपा तशाच लागतात! सगळी मेख इथे आहे.

मला हे कळलं ते योगायोगाने. सर्व्हिसिंग होऊन जेमतेम दोन महिने झाले होते, ॲक्सिलरेटर दाबला की पुढून घरघर यायची. आवाज इंजिनचा नव्हता, हवा ओढल्याचा होता. गॅरेजमध्ये विचारलं तर ‘या गाड्या अशाच वाजतात’ हे उत्तर. एका सुट्टीच्या दिवशी झाकण काढलं. फिल्टर खरंच नवा होता, त्याबाबत फसवाफसवी नव्हती. पण झाकणाच्या आतल्या, म्हणजे इंजिनकडच्या बाजूला मागच्या कोपऱ्यापासून बोटभर रुंदीचा तपकिरी पट्टा आलेला. बोट फिरवलं तर मैद्यासारखी बारीक धूळ. मागची कड वर राहिली होती आणि तिथून हवा फिल्टरला वळसा घालून थेट आत जात होती. असा फिल्टर नवा असून काय कामाचा?

एक हिशोब केला आणि जरा हबकलो. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे साधारण ९,००० लिटर हवा. या नऊ महिन्यांत माझी गाडी १४,००० किलोमीटर चालली, लिटरला १२ च्या आसपास देते. एक कोटी लिटरहून जास्त हवा त्या एका खोक्यातून गेली. त्यातला थोडासा भाग जरी न गाळता आत गेला तरी ती धूळ पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंतीमध्ये पॉलिश पेपरसारखी घासत बसते.

पहिल्या वेळी मला पावणेदोन तास लागले. इंजिन गार होण्याची वाट पाहिली तो वेळ वेगळा. झाकणाला जोडलेला जाड रबरी होज सोडवावा लागतो, आणि त्याच्या तोंडाशी हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असतो, त्याचं कनेक्टर आधी काढायचं. ते ओढून काढू नये, खटका दाबून काढावं. प्लॅस्टिक जुनं झालं की ठिसूळ होतं. डबा उघडा असताना होजच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून ठेवलं. डब्याच्या तळाशी सुकलेली पानं, किड्यांचे पंख आणि एक पक्ष्याचं पीस निघालं. ते व्हॅक्यूमने ओढून घेतलं.

मग तो मागचा स्क्रू. सॉकेटला लांब एक्स्टेंशन लावलं, स्क्रू सुटला आणि सॉकेटमधून निसटून खाली गेला. टण्, मग टिक्, मग शांतता. खाली जमिनीवर नाही, कुठेच नाही. तो दोन दिवसांनी इंजिनखालच्या संरक्षक पत्र्यावर सापडला, तोवर घरातला एक जवळपासच्या मापाचा स्क्रू लावून चालवलं. आता सॉकेटच्या आत चिकटपट्टीचा छोटा तुकडा घालतो, स्क्रू घट्ट अडकून राहतो. काम झाल्यावर तुकडा काढायचा, एवढंच.

मागच्या जिभा बसल्या की नाही हे डोळ्यांनी दिसत नाही. मी मोबाईलचा टॉर्च लावून कॅमेरा मागे घालायला लेकीला सांगितलं, तिचा हात त्या फटीत जातो. मी झाकण दाबलं, क्लिपा लावल्या, हात पुसायला घेतले. ती म्हणाली, “बाबा, डावीकडची बाहेरच आहे.” व्हिडिओत पाहिलं तर खरंच, तीनपैकी दोनच आत. झाकण पूर्ण सपाट न ठेवता पुढची बाजू चार बोटं उचलून, आधी मागे सरकवून मग खाली टेकवलं, तेव्हा तिन्ही बसल्या. हा तिरकेपणा एकदा हाताला कळला की पुढे अडत नाही. तिसऱ्या वेळी सगळं काम पंचवीस मिनिटांत आटोपलं.

माझी चूकही सांगतो. पहिल्याच वेळी होज आवळून धरणारी पट्टी आवळली, पण होज पूर्ण आत ढकलला नव्हता. चार दिवसांनी इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गाडी उभी असताना थरथरायला लागली. कोड रीडरवर, म्हणजे गाडीला जोडून बिघाडाचा कोड वाचणाऱ्या यंत्रावर, पी ०१७१ आला, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. सेन्सरने न मोजलेली हवा त्या फटीतून घुसत होती. होज नीट चढवला, पट्टी त्याच्या खोबणीत आणून आवळली, कोड पुसला, पुन्हा आला नाही. गंमत अशी की फिल्टरची कड वर असताना दिवा कधीच लागला नव्हता. कारण ती गळती सेन्सरच्या अलीकडे होती. हवा मोजली जात होती, फक्त गाळली जात नव्हती. त्यामुळे दिवा नाही म्हणजे सगळं ठीक, असं या बाबतीत धरून चालू नका.

मायलेजबद्दल लोक छातीठोकपणे बोलतात, म्हणून मी प्रत्येक वेळी टाकी भरताना नोंद ठेवली. फरक शून्य म्हणावा इतका. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००९ च्या चाचण्यांतही हेच दिसलं होतं: फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटर मोजून इंधन फवारतो अशा, आधुनिक पेट्रोल गाड्यांत फिल्टर तुंबला तरी मायलेज फारसं घसरत नाही, कारण हवा कमी आली की कॉम्प्युटर इंधनही कमी सोडतो. जोर मात्र कमी होतो; फिल्टर बदलल्यावर वेग घेण्याच्या वेळेत ६ ते ११ टक्के सुधारणा मिळू शकते. जुन्या कार्ब्युरेटरच्या (कॉम्प्युटरशिवाय हवा-इंधन मिसळणाऱ्या) गाड्यांची गोष्ट वेगळी, तिथे मायलेजही सुधारतं. माझ्या गाडीत घरघर त्याच दिवशी थांबली, आणि मला तेवढं पुरलं.

तीन महिन्यांनी बदललेल्या दुसऱ्या फिल्टरबद्दल थोडं. तो स्वस्तातला आणला होता. घड्या मोजल्या तर जुन्यापेक्षा कमी, आणि कडेचं मऊ रबर एका बाजूला बोटाने दाबलं तर दबून तसंच राहायचं. दीड महिन्याने उघडून पाहिलं, कडेशी पुन्हा पुसट रेघ. काढून टाकला आणि तिसरा, चांगल्या कडेचा घेतला. फिल्टरची माझी परीक्षा आता एवढीच: दोन्ही फिल्टर एकावर एक ठेवायचे, लांबी-रुंदी-जाडी जुळते का बघायचं आणि कड चिमटीत दाबून सोडायची, लगेच वर आली पाहिजे.

धुऊन वापरायचा तेलकट फिल्टर घेण्याचा मोह झाला होता. नाही घेतला. तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या आतल्या बारीक तारेवर बसू शकतं, आणि माझ्या हाताला ‘थोडंसं’ तेल घालणं कधी जमलेलं नाही. कागदी फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारणंही बंद केलं. जोराच्या हवेने कागदाचे तंतू फाटतात आणि ते दिसतही नाही. शिवाय कागदावर धुळीचा पातळ थर बसल्यावर फिल्टर उलट जास्त बारीक गाळतो, तेव्हा दर महिन्याला उघडून झटकण्यात काही अर्थ नाही. उघडलं की कड बसवण्याची परीक्षा पुन्हा द्यायची, ती वेगळीच!

गेल्या आठवड्यात झाकण काढलं. फिल्टरची खालची बाजू राखाडी, घड्यांमध्ये किडे. झाकणाच्या आतून पांढरं फडकं फिरवलं, मागच्या कोपऱ्यात तर दोनदा. फडकं पांढरंच राहिलं. पुढची डावी क्लिप मात्र सैल झाली आहे, लागते पण टक् असा आवाज येत नाही. क्लिप सुटी मिळते, त्यासाठी अख्खा डबा बदलायची गरज नाही. आणून ठेवली आहे, पुढच्या रविवारी लावेन.