कागद बिनचूक, माल खोटा

तांब्याच्या भंगाराचा सौदा ठरताना आम्ही आगाऊ रक्कम देण्यास नकार देऊन एलसीचा (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेली कागदपत्रे सादर झाल्यावर विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची हमी) आग्रह धरला आणि विक्रेत्याने तो लगेच मान्य केल्यामुळे आपले पैसे सुरक्षित आहेत, असे आम्ही धरून चाललो. एलसीचे व्यवहार ज्या यूसीपी ६०० नियमावलीने चालतात, तिच्या पाचव्या कलमानुसार बँका कागदपत्रांचा व्यवहार करतात, मालाचा नव्हे. हे कलम आम्ही पैसे बुडाल्यावर वाचले.

विक्रेत्याच्या कागदांत बोट ठेवायला जागा नव्हती. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवर, ‘शिपर्स लोड अँड काउंट’ असा शेरा होता. त्याचा अर्थ इतकाच, की कंटेनर विक्रेत्याने स्वतः भरला आणि जहाज कंपनीने आत काय आहे ते पाहिलेले नाही. असे बिल बँकेला चालते, हेही त्याच नियमावलीच्या २६ व्या कलमात आहे. वजनसुद्धा जुळत होते, कारण २०१६ पासून वजन प्रमाणित केल्याशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढवता येत नाही; मात्र त्यातून धातू कोणता ते कळत नाही.

कंटेनर उघडला तेव्हा सील शाबूत होते आणि दारापाशी तांब्याच्या तारांच्या गाठी नीट रचलेल्या होत्या. मागच्या रांगेतली गाठ सोडल्यावर मात्र वरच्या बोटभर तारेखाली गंजलेला लोखंडी चुरा आणि ओली माती निघाली. तोवर बँकेने रक्कम चुकती केली होती आणि नियमांप्रमाणे तिचे काहीच चुकले नव्हते. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९४१ मध्ये राठ केसांऐवजी गाईचे केस व कचरा पाठवल्याच्या प्रकरणात बँकेला पैसे देण्यापासून रोखता येते असे मानले, परंतु तिथे फसवणूक पैसे देण्यापूर्वी बँकेच्या कानावर घातली गेली होती.

सर्वांत जिव्हारी लागले ते तपासणी प्रमाणपत्र. तपासणी संस्था निवडण्याचे काम आम्ही विक्रेत्यावर सोडले होते. कृपया तुम्ही तसे करू नका. संस्था स्वतः नेमा, तिचे नाव एलसीच्या अटींत लिहा, माल भरताना तिचा माणूस हजर ठेवा आणि त्याने लावलेल्या सीलचा क्रमांक प्रमाणपत्रावर येईल असे पाहा. कागद तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस मिळतात. प्रमाणपत्राची प्रत त्याआधीच मागवून घ्या आणि ते खरे आहे का, हे थेट त्या संस्थेला विचारा. आम्ही महिनाभर उशिरा विचारले, तेव्हा ‘असे प्रमाणपत्र आम्ही दिलेलेच नाही’, हे संस्थेचे उत्तर त्याच दिवशी आले.