फ्लश टाकीतील संथ गळती: फक्त रबर बदलावे की संपूर्ण व्हॉल्व्ह?

कोणीही फ्लश केलेला नसताना टाकीत पाणी भरल्याचा आवाज येतो, काही क्षणांत थांबतो आणि तासाभराने पुन्हा येतो. वरून येणारा पाणीपुरवठा बंद असेल, तर सकाळी टाकी अर्धी रिकामी आढळते. अशा वेळी बहुतेक जण दुकानातून टाकीच्या आतील यंत्रणेचा पूर्ण संच आणतात किंवा प्लंबरला बोलावून तो बसवून घेतात. काही जण याच्या उलट रबरी झडप पुसून, दाबून समाधान मानतात. दोन्ही मार्ग काही परिस्थितींत योग्य आणि काही परिस्थितींत चुकीचे ठरतात. कोणता केव्हा निवडावा हे पाणी टाकीतून नेमके कोठून जाते यावर अवलंबून असते. म्हणून कोणताही भाग विकत घेण्याआधी गळतीची जागा निश्चित करावी, असा माझा आग्रह आहे.

गळती किती मोठी आहे, हे मोजणे सोपे आहे. टाकी आतून 40 सेंटिमीटर लांब आणि 15 सेंटिमीटर रुंद असेल, तर पाण्याची पातळी 1 सेंटिमीटरने उतरली म्हणजे 600 मिलिलिटर पाणी गेले. तासाला 1 सेंटिमीटर, म्हणजे कानाला जवळजवळ न जाणवणारी गळती, दिवसाला 14 लिटरांहून अधिक पाणी वाहून नेते. हीच पातळी दहा मिनिटांत 1 सेंटिमीटर उतरत असेल, तर हा आकडा 86 लिटरांवर जातो. आपल्या टाकीची लांबी-रुंदी मोजून हा हिशेब एकदा करावा, कारण दुरुस्ती आज करावी की सवडीने, याचे उत्तर त्यात मिळते.

निदानाच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत टाकीतील पाण्यात खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकायचे, अर्धा तास फ्लश करायचा नाही आणि भांड्यातील, म्हणजे कमोडमधील, पाणी रंगते का ते पाहायचे. दुसरीत टाकी पूर्ण भरू द्यायची, पाण्याच्या पातळीवर आतील भिंतीवर पेन्सिलने खूण करायची, टाकीकडे येणारे पाणी अडवणारा नळ, म्हणजे अँगल कॉक, बंद करायचा आणि काही तासांनी, शक्यतो रात्रभर थांबून, पातळी कोठे आली ते पाहायचे. रंगाची पद्धत झटपट आहे, पण ती केवळ गळती आहे किंवा नाही एवढेच सांगते. शिवाय गळती अगदी बारीक असेल, तर अर्ध्या तासात रंग दिसेलच असे नाही. खुणेची पद्धत वेळखाऊ असली, तरी पाणी कोणत्या उंचीवर येऊन थांबले हे दाखवते, आणि खरे निदान त्या उंचीतच असते. दोहोंपैकी एकच करायची असेल, तर खुणेची करावी. रंगाची करायची असल्यास तीही अँगल कॉक बंद ठेवून करावी, म्हणजे ओव्हरफ्लो नळीतून (टाकीतील उभ्या नळीतून) वाहणारे जादा पाणी आणि तळाकडून झिरपणारे पाणी यांची गल्लत होत नाही. भिंतीत बसवलेल्या बंदिस्त टाकीत खूण करणे अवघड असते. तेथे भांड्याची मागची आतील बाजू कोरडी करून तिच्यावर टिश्यू पेपर चिकटवावा आणि तो ओल्या रेघेने भिजतो का ते पाहावे.

आता उंचीचा अर्थ. पातळी मुळीच उतरली नाही, तर टाकी पाणी धरून ठेवते आहे. दोष पाणी भरणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे बॉल कॉकमध्ये आहे. तो वेळेवर बंद होत नाही आणि जादा पाणी ओव्हरफ्लो नळीतून भांड्यात जाते. पाणी उतरत उतरत तळाजवळच्या गोल कडेपाशी, म्हणजे झडप ज्या कडेवर बसते तेथे, येऊन थांबले, तर झडप किंवा ती कड दोषी आहे. पाणी या कडेच्याही खाली गेले, तर झडप कितीही नवी असली तरी उपयोग नाही, कारण गळती फ्लश व्हॉल्व्ह (टाकीतून भांड्यात पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) आणि टाकीचा तळ यांच्यामधील गॅस्केटमधून (सांधा बंद करणाऱ्या रबरामधून) किंवा टाकी भांड्यावर बसवणाऱ्या बोल्टच्या वॉशरमधून होत आहे. बोल्टपाशी गळत असेल, तर बाहेरून ओल दिसते. गॅस्केटची गळती मात्र काही टाक्यांत थेट भांड्यात उतरते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. ही खूण फार थोडे जण पाहतात, आणि त्यामुळे एकामागून एक नव्या झडपा बसवूनही गळती कायम राहते.

पाणी मध्येच कोठेतरी थांबले, तर ओव्हरफ्लो नळीला त्या उंचीवर तडा असू शकतो. भांड्यात पाणी सोडणारी बारीक नळी ओव्हरफ्लो नळीत फार खोल खुपसलेली असेल, तर सायफन तयार होऊन ती टाकीतील पाणी आपल्या टोकाच्या पातळीपर्यंत ओढून घेते. या दुसऱ्या दोषाला काहीच खर्च नाही: नळीचे टोक ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाच्या वर राहील असे क्लिपने अडकवावे. टाकीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर नुसता दमटपणा असेल आणि आतील पातळी जागची हलत नसेल, तर ते हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर साचलेले असते. ती गळती नव्हे.

जागा निश्चित झाली की निवडीचा प्रश्न येतो, आणि येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ‘नुसते रबर की संपूर्ण व्हॉल्व्ह’ या एकाच प्रश्नाचे उत्तर पाणी भरणाऱ्या व्हॉल्व्हसाठी वेगळे आहे आणि पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हसाठी वेगळे.

आधी पाणी सोडणारा फ्लश व्हॉल्व्ह घेऊ. दोष कडेपाशी असेल, तर सर्वांत लहान उपाय म्हणजे साफसफाई आणि जुळवणी. साखळी फार आखूड असेल, तर झडप पूर्ण बसत नाही. फार लांब असेल, तर तिचा एखादा दुवा झडपेखाली अडकतो. ती साधारण एक सेंटिमीटर सैल असावी. बटणाच्या टाकीत बटणाची दांडी गरजेपेक्षा लांब राहिली, तर ती व्हॉल्व्हला सतत किंचित दाबून ठेवते आणि पाणी झिरपत राहते. कडेवर क्षारांचा थर असेल, तर व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके तासभर ठेवून नंतर मऊ घासणीने पुसावे; सुरी किंवा सँडपेपर वापरू नये, कारण प्लॅस्टिकवर पडलेला बारीक ओरखडासुद्धा पाण्याला वाट करून देतो. ही साफसफाई नेहमीच प्रथम करावी. परंतु झडपेचे रबर बोटांनी चोळल्यावर काळा डाग सुटत असेल, कडा वाकड्या झाल्या असतील किंवा ते कडक पडले असेल, तर साफसफाईचा गुण फार दिवस टिकत नाही. तेथे रबर बदलणे हाच खरा उपाय आहे.

रबरी झडप बदलायला अवजारे लागत नाहीत. अँगल कॉक बंद करून, टाकी फ्लशने रिकामी करून, जुनी झडप ओव्हरफ्लो नळीच्या दोन कानांवरून सोडवायची आणि नवी तशीच अडकवायची, एवढेच काम असते. उभ्या नळकांड्यासारखा, वर उचलला जाणारा व्हॉल्व्ह असेल, तर तो बहुतेक प्रकारांत थोडासा फिरवला की बाहेर येतो आणि त्याच्या तळाची रबरी किंवा सिलिकॉनची कडी बदलता येते. अडचण मापाची आहे. झडपा प्रामुख्याने 2 इंची आणि 3 इंची अशा दोन मापांत येतात, आणि ‘सर्व टाक्यांना बसते’ असे वेष्टनावर लिहिलेली झडप प्रत्येक कडेवर नीट बसतेच असे नाही. जुना भाग सोबत नेऊन त्याच बनावटीचा घेणे श्रेयस्कर आहे. टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या वड्या रबराला लवकर खातात. नवी झडप बसवल्यावर त्या बंद कराव्यात.

याच्या तुलनेत संपूर्ण फ्लश व्हॉल्व्ह बदलणे हे फार मोठे काम आहे, कारण टाकी थेट भांड्यावर बसवलेली असेल, तर ती उतरवावी लागते. टाकी पूर्ण कोरडी करावी लागते, खालचे बोल्ट काढावे लागतात, ते गंजले असतील तर करवतीने कापावे लागतात, आणि टाकी व भांडे यांमधील जाड रबरी वॉशरही नवे घालावे लागते. पुन्हा बसवताना एकच बोल्ट एकदम आवळला, तर चिनी मातीला तडा जातो. बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळावे लागतात. म्हणून या बाजूला माझे मत स्पष्ट आहे: आधी रबर, आणि संपूर्ण व्हॉल्व्ह केवळ तीन कारणांसाठी. कडेवर खड्डे किंवा तडा असेल, ओव्हरफ्लो नळी फुटली असेल, किंवा पाणी कडेच्या खाली उतरत असेल. या तिसऱ्या प्रसंगी नुसते गॅस्केट बदलूनही काम भागते, पण टाकी उतरवण्याचे श्रम झालेलेच असतात. तेव्हा जुना व्हॉल्व्ह परत बसवण्यात मला शहाणपण दिसत नाही. त्याच वेळी बोल्टची वॉशरेही बदलून घ्यावीत.

या दोहोंच्या मधला एक पर्यायही आहे. खराब झालेल्या कडेवर चिकटवून बसवायची नवी कडी आणि तिची झडप असा संच मिळतो. त्यासाठी टाकी उतरवावी लागत नाही, पण जुनी कड पूर्ण कोरडी आणि स्वच्छ करून चिकटद्रव्य सुकेपर्यंत टाकी बंद ठेवावी लागते. बोल्ट इतके गंजले असतील की हात लावणे धोक्याचे वाटते, आणि दोष केवळ कडेच्या पृष्ठभागावर असेल, तर हा पर्याय योग्य आहे. गॅस्केट गळत असल्यास तो निरुपयोगी ठरतो.

संपूर्ण व्हॉल्व्ह बदलायचाच असेल, तर झडपेचा साधा व्हॉल्व्ह घ्यावा की दोन बटणांचा, असा प्रश्न पडतो. दोन बटणांचा व्हॉल्व्ह अर्ध्या फ्लशला साधारण 3 आणि पूर्ण फ्लशला 6 लिटर पाणी सोडतो, आणि ही बचत खरी आहे. मात्र त्याची रबरी कडी त्याच बनावटीची मिळवावी लागते आणि बटण अडकले की पाणी वाहत राहते. वर काढलेल्या हिशेबाप्रमाणे तासाला 1 सेंटिमीटरची गळती दिवसाला अर्ध्या फ्लशच्या जवळजवळ पाच वापरांची बचत खाऊन टाकते. ज्यांना सुटे भाग सहज मिळतात आणि जे वर्षातून एकदा टाकीचे झाकण उघडून पाहतात, त्यांनी दोन बटणांचा व्हॉल्व्ह अवश्य घ्यावा. इतरांना साध्या झडपेची देखभाल अधिक सोपी जाते.

पाणी भरणाऱ्या व्हॉल्व्हची गोष्ट उलट आहे. तेथेही प्रथम जुळवणी करावी: फ्लोट (व्हॉल्व्हचा तरंगणारा भाग) खाली आणून पाण्याची पातळी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापासून सुमारे 2.5 सेंटिमीटर खाली ठेवावी. रात्री वापर कमी असल्याने पुरवठ्याचा दाब वाढतो आणि दिवसा व्यवस्थित बंद होणारा जुना व्हॉल्व्ह पहाटे गळू लागतो, म्हणून ही तपासणी त्या वेळी करणे अधिक विश्वासार्ह ठरते. लांब दांडीच्या जुन्या बॉल कॉकचा गोळा काढून हलवून पाहावा. आत पाण्याचा आवाज आला, तर तो नीट तरंगत नाही आणि बदलला पाहिजे. नव्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये टोपी फिरवून काढता येते. आतील रबरी चकतीखाली वाळूचा कण अडकला असेल, तर वर पेला उपडा धरून क्षणभर पाणी सोडल्यास तो निघून जातो.

एवढ्याने थांबले नाही, तर मात्र चकती शोधत बसण्यापेक्षा संपूर्ण व्हॉल्व्ह बदलणे मला योग्य वाटते. त्यासाठी टाकी उतरवावी लागत नाही. टाकीखालील एक नट आणि पुरवठ्याची नळी सोडवली की जुना व्हॉल्व्ह निघतो, आणि नव्याबरोबर सर्व रबरी भाग नवेच येतात.

चिनी मातीच्या टाकीलाच तडा गेला असेल, तर चिकटद्रव्याने भरून वेळ मारून नेऊ नये. पाण्याच्या भाराखाली तडा वाढू शकतो आणि टाकी अचानक फुटून सगळे पाणी जमिनीवर येते. अशी टाकी ताबडतोब बंद करावी आणि त्याच नमुन्याची नवी टाकी मिळते का ते पाहावे. बोल्टच्या भोकांमधील अंतर जुळले नाही, तर भांड्यासह संपूर्ण संच बदलावा लागतो.

प्लंबरला केव्हा बोलवावे? झडप, साखळी, फ्लोट आणि भरणारा व्हॉल्व्ह ही कामे बहुतेकांना स्वतः करता येतात. परंतु अँगल कॉक पूर्ण बंद होत नसेल, बोल्ट गंजलेले असतील किंवा टाकी भिंतीत असेल, तर अनुभवी माणसाच्या हातून काम करून घ्यावे, आणि आपण केलेल्या खुणेची उंची त्याला आधीच दाखवावी, म्हणजे गळतीशी संबंध नसलेले भाग बदलले जाणार नाहीत.

दुरुस्तीनंतर तीच चाचणी पुन्हा करावी: टाकी भरून, खूण करून, अँगल कॉक बंद करून रात्रभर ठेवावी. योग्य मापाची नवी झडप नीट बसवूनही पाणी पुन्हा त्याच कडेपाशी येऊन थांबले, तर दोष झडपेत नसून कडेत आहे, आणि तेव्हा चिकटवायची कडी किंवा संपूर्ण फ्लश व्हॉल्व्ह यांपैकी एक निवडावे.