साडेसहाशे डॉलरची शांतता

आमचा ट्रेलर सतरा फुटी. गाडीमागे ओढायचा, आत दोन पलंग, एक शेगडी, कपाटाएवढी मोरी आणि छतावर साडेतेरा हजार बीटीयूचा, म्हणजे सव्वा टनाच्या जरा आतला एसी. घरातल्या स्प्लिटचा कॉम्प्रेसर भिंतीबाहेर असतो. इथे कॉम्प्रेसर आणि पंखे, सगळं उशीपासून चार-पाच फुटांवर, थेट डोक्यावर. आणि टेक्ससच्या ऑगस्टात तो बंद करून झोपायची सोय नाही.

गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याहून बाबा आले होते. इंक्स लेकच्या स्टेट पार्कात पहिल्या रात्री एसी लावला तर म्हणाले, "अरे, ही तर गिरणी आहे. पीठ कुठून पडतं तेवढं सांग." ते हसले, पण रात्रभर जागेच होते. मला लाज वाटली, आणि त्या लाजेपोटीच पुढचं सगळं झालं.

घरी येऊन काम करणारा एक मेकॅनिक जाहिरातीतून मिळाला. माणूस गोड. दाराशी आमच्या चपला बघून न सांगता बूट काढून ट्रेलरमध्ये शिरला. मी तिथेच अर्धा विरघळलो. त्याने तीन कामं सांगितली: छत आणि एसी यांच्यामधलं फोमचं गॅस्केट नवं, आतल्या जाळीला 'सायलेन्सर किट', आणि कॉम्प्रेसरला 'सॉफ्ट स्टार्ट'. एकूण साडेसहाशे डॉलर. कार्डाने दिले तर चार टक्के जास्त, फोनवरून बँकेतून थेट दिले तर नाही. मी सव्वीस डॉलर वाचवले! त्या सव्वीस डॉलरची गोष्ट शेवटी येईलच.

काम सुरू करायच्या आधी त्याने फोनवरच्या अ‍ॅपने आवाज मोजून दाखवला: ७४ डेसिबल. मग "छतावर दोघांचं वजन नको" म्हणून मला खाली पाठवलं. माझी ऑफिसची मीटिंग होतीच. पाऊण तासाने हाक मारली आणि पुन्हा मोजलं: ६१. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, हे मला ठाऊक होतं. इथे तर तेरा उतरले होते. लगेच पैसे पाठवले.

फोन कुठे धरलाय, हे मात्र मी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण डोक्यात शिरलं नाही. पहिल्यांदा त्याने हात वर करून जाळीच्या तोंडाशी धरला होता, पंखा 'हाय'वर. दुसऱ्यांदा तो पलंगावर बसला होता, फोन उशीवर, पंखा 'लो'वर. आकडा एवढा उतरायला काही दुरुस्ती लागत नाही.

पुढच्याच सहलीत रात्री दोनला बाबांच्या पायावर पाणी ठिबकायला लागलं. एसी घरघरत होता, हवा जवळजवळ येत नव्हती. बाबांची एसटीच्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिकी झालेली. बॅटरी तोंडात धरून त्यांनी जाळी उतरवली. सायलेन्सर किट म्हणजे गादीतला जाड फोम, हवा आत ओढायच्या तोंडावर कोंबलेला, मध्ये तळहाताएवढं भोक. कॉइलवरून, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांवरून, पुरेशी हवा गेली नाही की ती शून्याखाली उतरते आणि वर बर्फ धरतो. आमच्या कॉइलवर बोटभर धरला होता. तो वितळून खाली येत होता.

मग बाबांनी मला बोलावून एसी आवळणारे चार बोल्ट दाखवले. चारही गंजलेले, आणि दोघांच्या मधे कोळ्याचं जुनं जाळं, धुळीने जड झालेलं.

"गॅस्केट बदललं म्हणाला ना? एसी उचलल्याशिवाय ते निघत नाही. आणि हे बोल्ट कुणी हलवलेसुद्धा नाहीत."

सकाळी मी छतावर चढलो. नवं दिसावं म्हणून एसीच्या कडेने सीलंटची जाड रेघ ओढली होती. हे तर आणखी वाईट, कारण आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट उरत नाही. 'सॉफ्ट स्टार्ट' म्हणजे वीस-पंचवीस डॉलरचा स्टार्टिंग कपॅसिटर निघाला. आणि खरा सॉफ्ट स्टार्ट असता तरी काय? तो कॉम्प्रेसर चालू होतानाचा विजेचा झटका कमी करतो, छोट्या जनरेटरवर एसी चालावा म्हणून. चालू झाल्यावरचा आवाज तेवढाच राहतो. त्याच्या नावावर कुणी शांतता विकत असेल तर तिथेच थांबा.

खरं काम बाबांनी आणि मी एका शनिवारी केलं. नवं गॅस्केट आणून बोल्ट बेताने आवळले, ते दबून साधारण अर्धा इंच राहील इतपत. जास्त आवळलं की फोम दगडासारखा होतो आणि सगळी थरथर छतात उतरते. छताच्या पोकळीत थंड हवा जायची आणि परत यायची बाजू वेगळी करणारा पडदा सुटला होता. तो अ‍ॅल्युमिनियमच्या टेपने बंद केला. मग फोन उशीवर, पंखा 'हाय'वर, आधी आणि नंतर अगदी सारखाच: ६६ वरून ६२. बस, एवढंच. उरलेला आवाज पंख्याचा, तो जात नाही. तेरा डेसिबलचं आश्वासन ऐकताना हे सुचायला हवं होतं.

बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. कार्ड असतं तर व्यवहारावर तक्रार करता आली असती. मी वाचवलेले सव्वीस डॉलर त्या सोयीचेच होते. टेक्ससच्या जस्टिस कोर्टात वीस हजार डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो, वकीलही लागत नाही. अर्ज भरायला बसलो. प्रतिवादीचं पूर्ण नाव, पत्ता. त्याचं बिल काढून पाहिलं तर फक्त पहिलं नाव, एव्हाना बंद पडलेला फोन नंबर, आणि खाली पेनाने काढलेला हसरा चेहरा.