आमच्या गावची फायर सर्व्हिस: माणसांना पाच स्टार, सिटीच्या बजेटला दोन

मिनेसोटात येऊन आता अकरा वर्षं झाली, ट्विन सिटीजच्या, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉलच्या, बाहेर एका लहान गावात घर घेतलंय. गावाचं नाव लिहीत नाही कारण पुढे सिटीबद्दल तक्रारही आहे. हॉटेलांचे, प्लंबरचे रिव्ह्यू आपण सगळेच लिहितो, मला ह्या सर्व्हिसबद्दल कधीपासून लिहायचं होतं.

मागच्या जानेवारीत रात्री पावणेतीनला कार्बन मोनॉक्साइड ह्या विषारी वायूचा अलार्म बोंबलायला लागला. बाहेर उणे 26, दोन दिवस नुसता बर्फ पडून गेलेला, आणि सासूबाई सांगलीहून आलेल्या. 911 लावला, पलीकडची बाई म्हणाली काही शोधत बसू नका आधी सगळे बाहेर पडा, म्हणून ब्लँकेटं गुंडाळून ड्राइव्हवेमधल्या गाडीत जाऊन बसलो. साधारण अकरा मिनिटांत ट्रक दारात. चौघं होते. त्यातल्या एकाच्या मिशीवर बर्फ गोठलेला, हातात मीटर, तो एकेक खोली फिरला आणि बेसमेंटमध्ये फर्नेसजवळ, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीजवळ, गेल्यावर आकडा चढायला लागला. दुसऱ्याने बाहेर जाऊन टॉर्च मारला तर फर्नेसचा धूर भिंतीतून बाहेर सोडणारा पांढरा पाइप बर्फाखाली पूर्ण बुजलेला! फावड्याने मोकळा केला, खिडक्या उघडून दारात मोठा पंखा लावला, गॅस कंपनीच्या माणसाला बोलावलं, आणि मीटर शून्यावर आल्याशिवाय कोणालाही आत येऊ दिलं नाही. सासूबाईंना तर त्या मिशीवाल्याने हाताला धरून पायऱ्या चढवल्या.

सकाळी चहा घेताना सासूबाईंचा पहिला प्रश्न, "एवढ्या थंडीत मध्यरात्री आली गं पोरं, पगार तरी बरा असेल ना?"

तोपर्यंत मीही समजत होते की हे सगळे फुल टाइम असतील, आपल्याकडे मुंबईत किंवा पुण्यात फायर ब्रिगेडचे जवान असतात तसे. सोमवारी त्यांची ड्रिल असते, तेव्हा स्टेशनवर बेसनाचे लाडू घेऊन गेले आणि मग कळलं. हे सगळे पेड ऑन कॉल. म्हणजे महिन्याचा पगार नाही, पेजर वाजला की घरून किंवा कामावरून स्वतःच्या गाडीने स्टेशनवर पळायचं, गिअर चढवायचं, ट्रक काढायचा आणि त्या कॉलला जेवढे तास लागले तेवढ्यांचे पैसे. आमच्याकडे आलेला तो मिशीवाला दिवसा टायरच्या दुकानात काम करतो, त्या दिवशी आमच्या इथून साडेपाचला घरी गेला आणि सातला दुकान उघडलं.

मग ही माणसं टिकतात कशावर? आवड तर आहेच, पण दुसरं म्हणजे पेन्शन. मिनेसोटात ह्याची पद्धत चांगली आहे, समजून घेण्यासारखी आहे. आगीच्या विम्याच्या प्रीमियमवर राज्य 2 टक्के टॅक्स घेतं आणि त्यातून गावोगावच्या फायर डिपार्टमेंटला मदत जाते, ती ह्या लोकांच्या पेन्शन फंडात पडते. ज्या गावांनी स्वतःचा फंड चालवण्याऐवजी पेराच्या, म्हणजे राज्याच्या पब्लिक कर्मचाऱ्यांच्या रिटायरमेंट संस्थेच्या, प्लॅनमध्ये जायचं ठरवलं त्यांच्यासाठी 2010 पासून तीही सोय आहे. त्यात सर्व्हिसच्या दर वर्षाला किती डॉलर द्यायचे ते गाव ठरवतं. आमच्या प्लॅनमध्ये पाच वर्षं पूर्ण झाली की 40 टक्के हक्क लागतो, पुढे दर वर्षी 4 टक्के वाढतो, वीस वर्षांनी पूर्ण 100, आणि पैसे हातात येतात वयाच्या पन्नाशीनंतर. उदाहरण म्हणून वर्षाला 5,000 डॉलर धरा. वीस वर्षं केली तर 1,00,000, दहा वर्षांत सोडलं तर 30,000, पाच वर्षांत फक्त 10,000, आणि साडेचार वर्षांत सोडलं तर शून्य. म्हणजे जो थांबतो त्याला फायदा, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे.

आता तक्रार. आमच्या सिटीने पेन्शनचा हा दर वर्षामागचा आकडा कित्येक वर्षं हलवलेलाच नाही. राज्याकडून येतंय ना, मार्केट चांगलं चाललंय ना, मग सिटीने स्वतःचं कशाला घालायचं, असा सगळा हिशोब. शेजारच्या गावाचा आकडा आमच्यापेक्षा बराच वर आहे, मग पोरं इथे ट्रेनिंग घेतात, कित्येक महिने संध्याकाळी क्लास करून सर्टिफिकेट मिळवतात आणि घर बदललं की तिकडे जॉइन होतात. नुकसान कोणाचं झालं? गेल्या ऑक्टोबरमध्ये आमच्या मागच्या गल्लीत भर दुपारी किचनमध्ये आग लागली तर पहिला ट्रक आला तो शेजारच्या गावाचा, वीस मिनिटांनी. घरात कोणी नव्हतं म्हणून निभावलं. दुपारच्या वेळी पेजर वाजल्यावर पोचू शकतील असे लोकच गावात पुरेसे उरले नव्हते.

आणि हे फक्त आमच्या गावचं नाही. एनएफपीए, म्हणजे इथली राष्ट्रीय अग्निसुरक्षा संस्था, तिच्या मोजणीत पेड ऑन कॉलवालेही व्हॉलंटियरमध्येच धरतात, 1984 साली असे 8,97,750 लोक होते, 2020 मध्ये 6,76,900 राहिले, आणि ह्या काळात देशाची लोकसंख्या तर केवढी वाढली. फुल टाइम माणसं ठेवायची म्हटलं तर ट्रकवरची एक सीट चोवीस तास भरायला किमान तीन माणसं लागतात, सुट्ट्या धरल्या तर त्याहून जास्त, आणि सगळ्यांना पगार, इन्शुरन्स, पेन्शन. त्याच्यापुढे वर्षाचा आकडा हजार डॉलरने वाढवणं काहीच नाही हो.

सिटीच्या डिसेंबरमधल्या बजेट मीटिंगला मी गेले होते. नोव्हेंबरमध्ये प्रॉपर्टी टॅक्सची प्रस्तावित रकमेची नोटीस घरी येते, ट्रुथ इन टॅक्सेशन म्हणतात, तिच्यावर मीटिंगची तारीख आणि वेळ छापलेली असते आणि मीटिंग संध्याकाळी सहानंतर असते, म्हणजे ऑफिस करून जाता येतं. हॉलमध्ये सगळे टॅक्स कमी करा म्हणायला आलेले. मी माइकवर जाऊन जानेवारीतली रात्र सांगितली आणि म्हटलं माझ्या घराचा टॅक्स वर्षाला वीस-तीस डॉलरने वाढला तरी चालेल पण तो ह्या फंडात घाला. दोन कौन्सिल मेंबरांनी लिहून घेतलं. ह्या वर्षीच्या बजेटमध्ये मात्र काही आलं नाही, म्हणून दोन स्टार.

इथल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण आता अशाच बाहेरच्या गावांत घरं घेतायत. तुमच्या गावात फायर डिपार्टमेंट फुल टाइम आहे की पेड ऑन कॉल आणि सर्व्हिसच्या वर्षाला किती देतात हे सिटी हॉलला फोन करून विचारा, ही पब्लिक माहिती आहे, सांगतात.

त्या मिशीवाल्याला दुकानाच्या दुसऱ्या ब्रांचला मॅनेजर म्हणून बोलावलंय, इथून चाळीस मैलांवर. त्याची पाच वर्षं येत्या मार्चमध्ये पूर्ण होतायत, तोपर्यंत थांबतो म्हणालाय.